नौकेवर राहणाऱ्या जोडप्याने अ‍ॅनापोलिसच्या नौका-प्रदर्शनाला कशासाठी जावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे गेल्या मे महिन्यापासून अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका मरीनामध्ये, म्हणजे नौका बांधून ठेवण्याच्या बंदरात, ३६ फुटी, जुन्या पण धडधाकट अशा शिडाच्या नौकेवर राहत आहात. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅनापोलिसच्या प्रदर्शनाला जाऊन तिथूनच थंडीसाठी फ्लोरिडाकडे निघण्याचा बेत आहे. लिथियम बॅटऱ्या, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, नवा नांगर आणि जीवरक्षक तराफा या चार गोष्टी प्रदर्शनातील सवलतीत घेऊन टाकाव्यात असे आपल्याला वाटते. पत्नीचे म्हणणे असे की नौका घेऊन झाली आहे, पैसे मोजकेच उरले आहेत, मग प्रदर्शनाला जायचेच कशाला? दोघांपैकी कोणाचे बरोबर, असे आपण विचारले आहे.

मी आणि माझा नवरा अकरा वर्षे, बाल्टिमोर आणि अ‍ॅनापोलिस ज्याच्या काठी आहेत त्या चेसापीक उपसागरात आणि हिवाळ्यात त्याच्या दक्षिणेला ३८ फुटी नौकेवर राहत आहोत. इतरांच्या नौकांवरील विजेची कामे करणे हा माझा व्यवसाय आहे. या प्रदर्शनाला मी ग्राहक म्हणून अनेकदा गेले आहे आणि तीन वेळा एका बॅटरी-विक्रेत्याच्या दालनात उभी राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली आहेत. त्या दालनात मला जे दिसले त्यावरूनच सुरुवात करते. तिथे येणाऱ्या बहुतेकांना बॅटरीची किंमत विचारायची असते. आपली नौका दिवसाला किती वीज खाते हे मात्र फार थोड्यांना सांगता येते, आणि ज्यांना सांगता येत नाही त्यांना विक्रेता प्रामाणिक असला तरी नीट सल्ला देऊ शकत नाही. तो अंदाजाने मोठा आकडा सांगतो, कारण बॅटरी कमी पडली तर शिव्या त्यालाच बसणार असतात.

म्हणून मला खरा प्रश्न प्रदर्शनाला जावे की नाही हा वाटत नाही. आपण पाच महिने नौकेवर राहिलात, पण धक्क्याला बांधून, किनाऱ्यावरची वीज आणि नळाचे पाणी वापरून राहिलात. ज्या चार वस्तू आपण घेऊ पाहता त्यांतील तीन तरी धक्का सोडल्यानंतरच्या जगण्यासाठी आहेत, आणि ते जगणे आपण अजून पाहिलेले नाही. यात आपला काही दोष नाही, बहुतेक जण अशीच सुरुवात करतात. मात्र प्रदर्शनाला अजून काही आठवडे आहेत, आणि त्या आठवड्यांत करण्यासारखी एक गोष्ट कोणत्याही सवलतीपेक्षा जास्त मोलाची आहे. किनाऱ्याच्या विजेची केबल काढून ठेवा, पाण्याची टाकी भरून घ्या आणि जवळच्या एखाद्या खाडीत सलग चार रात्री नांगरावर राहा.

या चार दिवसांत एका वहीत नोंदी ठेवा. बॅटरीत किती वीज येते-जाते हे दाखवणारा बॅटरी-मॉनिटर असेल तर सकाळ-संध्याकाळ त्यावरचा अँपिअर-तासांचा, म्हणजे खर्च झालेल्या विजेचा, आकडा लिहा. नसेल तर असा मॉनिटर हीच आपली पहिली खरेदी असू द्या, आणि त्यासाठी प्रदर्शनाची वाट पाहू नका. पाण्याची टाकी किती उतरली, गॅस किती गेला, फ्रिज किती वेळा सुरू झाला, रात्री कोण कशामुळे जागे झाले, हेही लिहा. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण साखळी खडकावर घासल्याचा आवाज, आडव्या लाटेने होणारी डोल आणि झोपण्याच्या जागेवर टपकणारे थेंब यांतूनच पुढच्या खरेदीची खरी यादी तयार होते.

आता बॅटऱ्यांकडे येते, कारण ते माझे काम आहे आणि पैसे सर्वांत जास्त तिथेच जातात. आपल्यासारख्या नौकेवर नांगरावर असताना साधारण हिशेब असा बसतो: फ्रिजचे ६० अँपिअर-तास, दोन लॅपटॉप आणि फोनचे २५, पंखे आणि दिवे यांचे १५, पाण्याचा पंप आणि किरकोळ गोष्टींचे १०, म्हणजे १२ व्होल्टवर दिवसाला सुमारे ११०. आपला आकडा यापेक्षा वेगळा येईल, म्हणून तर वही हवी. शिशाच्या बॅटऱ्या दीर्घकाळ टिकवायच्या असतील तर त्या निम्म्यापेक्षा जास्त रिकाम्या करू नयेत. त्यामुळे दोन ढगाळ दिवस निभावण्यासाठी ४४० अँपिअर-तासांची बॅटरी-बँक लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या ८० टक्क्यांपर्यंत वापरता येतात, म्हणून तेच काम सुमारे ३०० मध्ये होते, आणि वजन निम्म्याहूनही कमी राहते. इथपर्यंत लिथियमची बाजू भक्कम आहे, आणि माझ्या स्वतःच्या नौकेवरही त्याच आहेत.

पण ही बॅटरी जुनी काढून नवी ठेवावी इतकी साधी नाही. ती मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते. आपल्या इंजिनावर कारखान्यातून आलेला अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीज बनवणारे यंत्र) तसा प्रवाह सतत देण्यासाठी बनवलेला नसतो, आणि कमी वेगाने इंजिन चालवताना तो तापून जळू शकतो. दुसरे असे की बॅटरीच्या आतील संरक्षक यंत्रणेने धोका ओळखून एकाएकी जोडणी तोडली, तर अल्टरनेटरची वीज जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेजच्या झटक्याने त्यातील डायोड उडतात. यावर उपाय आहेत. इंजिन सुरू करणारी बॅटरी शिशाचीच ठेवणे आणि तिच्यातून लिथियमला मोजकाच प्रवाह देणारा डीसी-टू-डीसी चार्जर मध्ये घालणे हा त्यांतला सर्वांत सोपा. त्याशिवाय योग्य क्षमतेचा क्लास-टी फ्यूज (फार मोठा प्रवाहही तोडू शकणारा), जाड केबली आणि लिथियमला मानवणारे इतर चार्जर लागतात. माझ्या कामांत बॅटऱ्यांची किंमत एकूण खर्चाच्या साधारण निम्मीच निघते. म्हणजे दालनावर बॅटरीवर मिळालेली २० टक्के सवलत सगळ्या कामाच्या हिशेबात १० टक्केच उरते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलने लिथियम बॅटऱ्यांसाठी ई-१३ हे स्वतंत्र मानक केले आहे, आणि आता विमा कंपन्याही काम त्यानुसार झाले आहे का असे विचारू लागल्या आहेत. खरेदीपूर्वी आपल्या विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. हे काम आधी करण्याचे आहे, नंतर नव्हे.

सौरपट्ट्यांबाबत मी एक ढोबळ हिशेब वापरते. पट्ट्यांचे एकूण वॅट भागिले चार, म्हणजे चांगल्या उन्हाच्या दिवशी १२ व्होल्टवर मिळणारे अँपिअर-तास. ४०० वॅटला शंभरेक मिळतात, पण पट्टीवर डोलकाठीची किंवा आडव्या काठीची सावली पडली की हा आकडा पार कोसळतो. दुपारी बारा वाजता आणि चार वाजता आपल्या नौकेवर सावली कुठे पडते याचे फोटो काढून नेले, तर दालनावरचा माणूस पाच मिनिटांत उपयोगाचे काही सांगू शकतो.

पाण्याच्या यंत्राबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. आमच्या दुसऱ्या वर्षी आम्ही प्रदर्शनात चांगल्या सवलतीत असे यंत्र घेतले. ते ज्या कप्प्यात बसेल असे आम्हाला वाटत होते तिथे त्याचे मीठ गाळणाऱ्या पडद्याचे नळकांडे चार इंचांनी लांब निघाले. दुसरी जागा करायची तर पाण्याची एक टाकी हलवावी लागणार होती. त्या हिवाळ्यात आम्ही किनाऱ्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या इंट्राकोस्टल जलमार्गानेच गेलो, तिथे दर दोन-तीन दिवसांनी पिण्याचे पाणी मिळते, त्यामुळे यंत्राची गरजच पडली नाही. दीड वर्षाने ते बसवले तेव्हा पंपाला गळती निघाली, आणि हमीची मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजली जात असल्याने ती संपलेली होती. म्हणून आपल्याला स्पष्ट सांगते की या वर्षी हे यंत्र घेऊ नका. चेसापीकच्या तोंडाशी असलेल्या नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत आतल्या जलमार्गाने जाणाऱ्याला त्याची गरज नाही, आणि गढूळ, चिखलमिश्रित पाण्यात ते चालवले तर गाळण्या सारख्या बदलाव्या लागतात. पुढे बहामाला जायचे ठरले तर चार रात्रींच्या वहीतला पाण्याचा आकडा बाहेर काढा आणि मग विचार करा. प्रदर्शनात मात्र ते यंत्र जरूर पाहा, चालू असताना त्याचा आवाज ऐका, आणि एक लिटर पाण्याला किती वॅट-तास लागतात हे विचारून वहीत टिपून ठेवा.

तराफ्याचे उत्तर आपल्या मार्गावर अवलंबून आहे. आतल्या जलमार्गाने जाणार असाल तर चांगली डिंगी (नौकेसोबतची छोटी होडी), अंगावर सतत घातलेली जीवरक्षक जॅकेटे आणि उपग्रहामार्फत मदतीचा संकेत पाठवणारा, नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन यांवर मी जास्त भर देईन. बाहेरच्या समुद्रातून उड्या मारत जाणार असाल तर तराफा हवाच. प्रदर्शनात तराफे फुगवून ठेवलेले असतात. त्यात दोघांनी आत जाऊन बसा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बांधलेल्या स्थितीतील तराफा पत्नीला एकट्याने उचलता येतो का ते पाहा. चार माणसांचा तराफा तिसेक किलोचा असतो. ज्या रात्री तो लागेल त्या रात्री दोघांपैकी एक जण जखमी किंवा पाण्यात असू शकतो. त्याच्या तपासणीला दर किती वर्षांनी किती खर्च येतो आणि फ्लोरिडात ती कुठे होते, हे किमतीच्या आधी विचारा.

उरला नांगर, आणि इथे मी आपल्या बाजूने आहे. आपल्या नौकेवर ३५ पौंडांचा जुना सीक्यूआर (फाळाच्या आकाराचा नांगर) आहे असे आपण लिहिले आहे. तो काही वाईट नांगर नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वापरला आहे. पण नव्या घडणीचे नांगर चेसापीकच्या मऊ चिखलात लवकर रुततात आणि वारा फिरला तरी पुन्हा पकड घेतात, हे मी स्वतः दोन्ही वापरून पाहिले आहे. ही वस्तू आपण रोज रात्री वापरणार, तिच्यावर दोघांची झोप अवलंबून असणार, आणि ती बसवायला कोणाला बोलवावे लागत नाही. प्रदर्शनात घेण्यासाठी यापेक्षा योग्य गोष्ट मला सुचत नाही.

मात्र घेण्याआधी दोन मापे हवीत. पहिले माप नौकेच्या नाकावरील, नांगर ज्यावरून वर-खाली होतो त्या रोलरचे. त्याची रुंदी, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांची उंची आणि नांगर वर आल्यावर त्याचे पाते जिथे टेकेल तिथपर्यंतचे अंतर घ्या, आणि तो आकार एका जाड पुठ्ठ्यावर काढून कापून घ्या. मी असा पुठ्ठा अजून जपून ठेवला आहे. त्याच्या कडेला पेन्सिलने लिहिलेली मापे, एका कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा, आणि मधोमध जिथे नांगराची दांडी रोलरवर बसते तिथे पाडलेले भोक. तो पुठ्ठा दालनावरच्या नांगराला लावून पाहिला तेव्हा मला हवा होता तो नांगर पुढच्या कठड्याला अडकतो हे दोन मिनिटांत कळले आणि मी दुसऱ्या घडणीचा घेतला. दुसरे माप साखळीचे. ५/१६ इंचाची अमेरिकन जी-४ साखळी आणि ८ मिलिमीटरची युरोपीय साखळी नुसत्या नजरेला सारखीच दिसते, पण कड्यांची लांबी वेगळी असते आणि चुकीची साखळी विंडलासच्या (नांगर वर ओढणाऱ्या यंत्राच्या) चाकावरून निसटते. आपल्या साखळीच्या शेवटच्या दहा कड्या मोजून त्यांची लांबी लिहून घ्या, शक्य असल्यास दोन-चार कड्यांचा तुकडाच खिशात ठेवा.

पुठ्ठा आणि साखळीचा तुकडा नेण्यामागे एक मोठे कारण आहे. अ‍ॅनापोलिसचे हे प्रदर्शन १९७० साली सुरू झाले, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की गावाच्या जुन्या धक्क्यालगत, तरंगत्या फळ्यांच्या वाटांवरून चालत, नौका पाण्यातच पाहायला मिळतात. पण आपल्यासारख्या राहणाऱ्यांसाठी तिथली खरी संपत्ती तंबूंमध्ये असते. शिडे शिवणारे, दोरखंड आणि तारा ताणणारे, पंप बनवणारे, पडदे आणि गाद्या करणारे सगळे एका आवारात असतात, आणि अनेक दालनांवर वस्तू बनवणारा माणूस स्वतः उभा असतो. एरवी त्याच्यापर्यंत पोचायला ईमेलचे तीन आठवडे लागतात. त्याच्यासमोर आपला झिजलेला भाग ठेवला की तो डोळ्यांना लावून पाहतो आणि बोलू लागतो. एका वर्षी मी डोलकाठीच्या तारेच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो नेला होता. मला तो गंजाचा डाग वाटत होता. रिगरने, म्हणजे डोलकाठी आणि तारांचे काम करणाऱ्याने, फोटो मोठा करून केसाएवढी एक उभी रेघ दाखवली आणि ती भेग असल्याचे सांगितले. तारा चौदा वर्षांच्या होत्या. त्या हिवाळ्यात आम्ही इतर सर्व खरेदी रद्द करून त्याच बदलल्या. आपल्या जुन्या नौकेच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या हे आपल्या पत्रात नाही. कागदपत्रांत ते सापडत नसेल, तर माझ्या मते चारही वस्तूंच्या आधी पैशांवर हक्क या कामाचा आहे.

आता आपल्या पत्नीच्या म्हणण्याकडे येते. त्या पैशांचे कारण देत आहेत, आणि ते खरेच आहे. पण मला त्यात आणखी एक शंका वाटते, कारण पहिल्या वर्षी ती माझ्याही मनात होती. नव्याकोऱ्या ४५ फुटी नौकांतून दिवसभर फिरून संध्याकाळी आपल्या घरी परतले, की आपल्याच घरात उणे दिसू लागते. छत बुटके वाटते, ओट्यावर उजेड कमी वाटतो. म्हणून त्या नौकांवर पाहुणी म्हणून न जाता राहणारी म्हणून जा, असे त्यांना माझ्याकडून सांगा. प्रदर्शनातील नौकेचे सगळे कप्पे रिकामे असतात हे लक्षात ठेवावे. दहा किलो तांदूळ, डाळींचे डबे, प्रेशर कुकर, हिवाळी कपडे आणि इंजिनाचे सुटे भाग कुठे जातील ते विचारावे. दोघांनी एकाच वेळी ओट्यापाशी उभे राहून पाहावे. रुंद दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून हात पसरावेत आणि नौका तीस अंश कलली तर धरायला काय आहे ते शोधावे. झोपायच्या जागेवर आडवे व्हावे, शौचालयात दार लावून बसून पाहावे, पायऱ्या उचलून इंजिनाच्या पाण्याच्या पंपापर्यंत हात पोचतो का ते करून पाहावे. अशी तपासणी करून परतल्यावर आपल्या अरुंद केबिनमध्ये प्रत्येक पावलाला हाताशी कठडा आहे, ही गोष्ट मला पहिल्यांदा सोय म्हणून दिसली. आणि त्या नौकांवर पाहिलेल्या काही कल्पना, उदाहरणार्थ ओट्याच्या कडेचा उंच काठ किंवा ओल्या कपड्यांसाठी वेगळा कप्पा, आम्ही थोड्याशा लाकडात आमच्याकडे करून घेतल्या.

नौकेची ओळख ही काय चीज आहे, याचे आपल्याकडचे उदाहरण मला नेहमी आठवते. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यात बांधली जात असताना ते त्या कामात गुंतलेले होते, त्यामुळे समुद्रात बिघाड झाला तर काय कुठे आहे हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नव्हते. आपण नौका बांधली नाही, विकत घेतली. ‘घर पाहावे बांधून’ हा अनुभव आपल्याला मागून, एकेक कप्पा उघडून घ्यायचा आहे.

आणखी एक गोष्ट वेळेची. प्रदर्शन ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास संपते. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो आणि बऱ्याच विमा करारांत ठराविक तारखेआधी ठराविक अक्षांशाच्या दक्षिणेला जायची मनाई असते. दुसरीकडे नोव्हेंबरमध्ये चेसापीकला थंड वारे सुरू होतात. म्हणजे प्रदर्शनानंतर हाताशी तीन-चार आठवडे असतात, आणि त्याच काळात इथल्या सगळ्या कारागिरांकडे रांगा लागलेल्या असतात. या मुदतीत बसवून, चालवून, चूक निघाली तर दुरुस्त करून होईल तेवढेच विकत घ्या. अर्धवट जोडलेल्या विजेच्या यंत्रणेनिशी निघालेल्या नौका मी नॉरफोकमध्ये दरवर्षी पाहते. शिडांच्या बाबतीत उलटे आहे. बरेच शिडे शिवणारे शरद ऋतूत सवलत देतात आणि काम हिवाळ्यात करतात, म्हणून माप आणि दर आता घेऊन ठेवायला हरकत नाही.

जाण्याविषयी थोडेसे. बाल्टिमोरहून अ‍ॅनापोलिस सुमारे २५ सागरी मैल आहे, एका दिवसात आरामात पोचाल. आपली नौका घेऊनच जा, म्हणजे दालनावर काही शंका आली तर डिंगीने परत येऊन मोजता येते. गावालगतच्या स्पा क्रीक आणि बॅक क्रीक या खाड्यांमध्ये त्या आठवड्यात दाटी असते, म्हणून दोन-तीन दिवस आधी पोचा आणि जागा नसेल तर थोडे लांब नांगर टाका. गावातल्या अनेक रस्त्यांच्या टोकांना डिंगी बांधायची सोय आहे. आग्नेयेचा वारा जोरात असेल तर धक्क्यावर पाणी चढते, तेव्हा डिंगीची दोरी थोडी सैल ठेवा. पहिल्या दिवसाचे तिकीट महाग असू शकते, पण गर्दी कमी असल्याने दालनांवर निवांत बोलता येते, आणि आपले काम बोलण्याचे आहे. नौकांवर चढताना जोडे काढावे लागतात, तेव्हा सहज निघणारे घाला. सकाळी दोघांनी वेगवेगळे फिरा, आपापल्या वहीत लिहा, आणि दुपारी जेवताना वह्या समोरासमोर ठेवा. दोन्ही वह्यांत जे आले असेल त्यावर दुसऱ्या दिवशी पैसे खर्च करायला माझी हरकत नाही.

चार रात्री नांगरावर काढून झाल्या की रोजचा अँपिअर-तासांचा आकडा, इंजिनाच्या अल्टरनेटरवरील माहितीच्या पट्टीचा फोटो आणि बॅटरीच्या कप्प्याची लांबी-रुंदी-उंची मला कळवा. शिशाच्या बॅटऱ्यांवर हा हिवाळा निभेल की नाही, ते मी आकडेमोड करून लिहीन.